वाडीची वादी होते तेव्हा

मराठीत कॅपिटल आणि स्मॉल ही भानगडच नाही. 'क' तो 'क'. वाक्याच्या सुरुवातीला असला काय, शेवटी असला काय, शिवाजी महाराजांच्या नावात असला काय आणि शेवग्याच्या शेंगेत असला काय, त्याची उंची तेवढीच. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच शिरोरेघेखाली गुण्यागोविंदाने नांदतात. मोडीतही तेच. त्यामुळे 'केस बदलणे' हा प्रकार मराठी माणसाला पहिल्यांदा भेटतो तो इंग्रजी शाळेत, नाहीतर कोर्टात!

पण संगणकाच्या पोटात डोकावणाऱ्या कोणालाही ही भानगड टाळता येत नाही. युनिक्स किंवा लिनक्स वापरणाऱ्यांना माहीत असेल, यंत्र सुरू होताना किंवा आपण लॉगिन करताना काही छोट्या लिखित आज्ञा आपोआप चालतात. त्यांना स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. कोणती सेवा चालू करायची, कोणती नाही, कोणती भाषा, कोणता छापखाना (म्हणजे प्रिंटर हो) हे सगळं तिथे ठरतं. आणि त्यात हमखास एक ओळ असते: आलेला शब्द स्मॉल करून घे. कारण कोणी 'येस' स्मॉलमध्ये लिहितो, कोणी कॅपिटलमध्ये, कोणी पहिलं अक्षर मोठं करतो. सगळ्यांना एका पंगतीत बसवलं की काम सोपं. दिसायला किती निरुपद्रवी ओळ! या ओळीचा इतिहास मी गेले काही महिने फावल्या वेळात वाचतो आहे आणि मला वाटतं, आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर तो इतिहास थोडा वेगळा दिसतो. म्हणून हा लेख. ज्यांना संगणकात रस नाही अशा नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, वाटेत बांगडे आहेत.

आधी हे अप्पर आणि लोअर आलं कुठून? रोमन लोकांनी दगडावर कोरली ती सगळी कॅपिटल. हाताने भरभर लिहिताना अक्षरं गोलावत गेली, आणि इसवी सन 800 च्या आसपास शार्लमेन राजाच्या काळात एक नीटस लहान वळण रूढ झालं. पुढे दोन्ही वळणं एकाच पानावर नांदायला लागली. मग छपाई आली. जुळारी उभा राहून खिळे जुळवायचा, त्याच्यासमोर खिळ्यांच्या दोन पेट्या उतरत्या मांडलेल्या. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. पेटीला इंग्रजीत 'केस'. म्हणून अप्पर केस, लोअर केस. म्हणजे मुळात हा भेद सुताराने केलेला. अर्थाचा नाही, जागेचा. इंग्रजी वाचणाऱ्याला शब्द मोठ्यात लिहा की लहानात, शब्द तोच. कपडे बदलले, माणूस तोच. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

आपल्याकडे हे दोन जगांचं पहिलं शेजारपण कोणी मांडलं असेल, तर ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. जन्म 1812 चा. 6 जानेवारी 1832 ला मुंबईत त्यांनी 'दर्पण' काढलं, वयाच्या विशीत. पहिल्यांदा पाक्षिक, मग त्याच वर्षी साप्ताहिक. 'दर्पण' द्विभाषिक होतं. पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. आपण 6 जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो तो त्यावरूनच. मी जेव्हा ते शेजारी शेजारी असलेले दोन स्तंभ डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला गंमत वाटते. डावीउजवीकडे मजकूर तोच, पण एकीकडे अक्षरांच्या दोन जाती आणि दुसरीकडे एकच. इंग्रजी स्तंभातल्या विशेषनामाला मानाचं मोठं अक्षर, मराठी स्तंभातल्याला काही नाही, आणि वाचणाऱ्याचं त्यावाचून काहीही अडलं नाही. 1846 मध्ये, चौतिशीच्या आसपास, बाळशास्त्री गेले. त्यांच्या नावातल्या 'ळ' कडे आपण परत येणार आहोत.

आता एकदम सव्वाशेच्या आसपास वर्षं पुढे आणि सातासमुद्रापार. 1963 मध्ये अमेरिकेत संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण ठरलं, त्याचं नाव आस्की. पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरं नव्हतीच! ती 1967 च्या आवृत्तीत नीट आली. कॅपिटल 'ए' चा क्रमांक 65, स्मॉल 'ए' चा 97. फरक बरोबर 32 चा, आणि तो प्रत्येक जोडीत तेवढाच. म्हणजे एक बिट इकडचा तिकडे केला की मोठ्याचं लहान. हे मुद्दाम केलेलं होतं, यंत्राला सोपं जावं म्हणून. त्याच सुमारास टेलिटाइप 33 नावाचं यंत्र सर्रास वापरात होतं, त्याला फक्त कॅपिटल छापता यायची. बेल लॅबमध्ये 1969 पासून युनिक्स घडलं ते अशाच यंत्रांवर, पण घडवणाऱ्यांनी आज्ञा मात्र स्मॉल अक्षरांत ठेवल्या. मग जुन्या यंत्रांचं काय? त्यावर तोडगा भारी होता. तुम्ही आपलं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप करून लॉगिन केलंत, तर युनिक्स समजायचं की या बिचाऱ्याच्या यंत्राला लहान अक्षरंच नाहीत, आणि तिथून पुढे आपणहून सगळं रूपांतर करत बसायचं. ज्याने चुकून कॅप्सलॉक दाबला त्याच्यावरही ते तसंच ओरडत राहायचं.

स्टार्टअप स्क्रिप्टचं मूळही असंच जुनं. अनेक सुरुवातीच्या फायलींच्या नावात शेवटी 'आरसी' असतं. ते 1960 च्या दशकात एमआयटीमधल्या एका संगणकप्रणालीत असलेल्या 'रनकॉम' या सोयीचं थोटूक. आज्ञांची यादी एका फायलीत लिहायची आणि ती ओळीने चालवायची. 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, आणि लॉगिन करताना वाचली जाणारी 'प्रोफाइल' फाइल तेव्हापासून आजपर्यंत आहे. अक्षर बदलण्यासाठी हाताशी होता तो 'टीआर' नावाचा छोटा कार्यक्रम. त्याला सांगायचं, कॅपिटल ए ते झेड दिसलं की स्मॉल ए ते झेड कर. झालं.

झालं म्हणता म्हणता झालं नाही. युनिक्सच्या शाखा फुटल्या. एका शाखेत नुसतं 'ए ते झेड' लिहिलं की चालायचं, तर सिस्टिम फाइव्ह नावाच्या शाखेत त्याभोवती चौकोनी कंस लागायचे. शहाण्या लोकांनी दोन्हीकडे कंस घालायला सुरुवात केली, म्हणजे जिथे कंसाची गरज नाही तिथे कंसाचा कंसच होतो आणि कोणाचं बिघडत नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर वेगळीच वर्णमाला, त्यात 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये क्रमांकांची दरी. तिथे 'ए ते झेड' म्हणताना मध्येच भलतीच चिन्हं पंगतीत येऊन बसायची. पुढे वेगवेगळ्या भाषांचे नियम यंत्रात आले. काही भाषांच्या क्रमात मोठं ए, लहान ए, मोठं बी, लहान बी असं एकाआड एक येतं, मग 'ए ते झेड' या शब्दांचा अर्थच बदलला. तुर्कीत तर कहर. तिथे टिंबवाला 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि टिंबवाल्या लहान 'आय' चं मोठं रूपही टिंबवालंच. इंग्रजी गृहीत धरून लिहिलेले कितीतरी कार्यक्रम तुर्कस्तानात जाऊन आपटले. शेवटी 1992 च्या पॉझिक्स प्रमाणाने सांगितलं, बाबांनो, 'ए ते झेड' म्हणू नका, 'मोठी अक्षरं' आणि 'लहान अक्षरं' असं वर्गाचं नाव घ्या. कोणती ते त्या त्या भाषेचा नियम ठरवील. आणि यंत्र सुरू होताना, जेव्हा कोणाचीच भाषा ठरलेली नसते, तेव्हा 'सी' नावाचा अगदी साधा नियम लावून घ्या.

इतकं करूनही स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये अडचण राहतेच. 'टीआर' हा कार्यक्रम परंपरेने 'यूएसआर' नावाच्या भागात राहतो, आणि जुन्या यंत्रांत तो भाग वेगळ्या डिस्कवर असायचा. यंत्र उठतंय तेव्हा ती डिस्क अजून जोडलेलीच नाही! म्हणजे पहाटे चुलीवर पाणी ठेवायचं आणि काडेपेटी बंद दुकानात. (आता बहुतेक लिनक्समध्ये ते भाग एकत्र झालेत, त्यामुळे ही अडचण कमी झाली.) मग कोणी म्हणतं, शेललाच सांगा की. बॅश शेलच्या चौथ्या आवृत्तीत, 2009 साली, केस बदलायची सोय आतच आली. पण उबुंटूने 2006 मध्येच आणि डेबियनने 2011 मध्ये यंत्र पटकन सुरू व्हावं म्हणून डॅश नावाचं हलकं शेल पुढे केलं होतं, त्याला ही सोय ठाऊक नाही. ॲपलच्या यंत्रांवर बॅश 3.2 वरच थांबलं आणि 2019 पासून तिथे झेडशेल आलं. म्हणजे एका यंत्रावर चाललेली ओळ दुसऱ्यावर तोंडघशी पडते. 'पोर्टेबल' म्हणजे कुठेही नेली तरी चालणारी स्क्रिप्ट लिहिणं हे अशा खाचखळग्यांतून बैलगाडी हाकण्यासारखं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली युक्ती नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांच्या स्टार्टअप स्क्रिप्टमधली आहे. त्या लोकांनी शब्द बदलायचाच नाही असं ठरवलं. 'येस' ओळखायचं तर त्यांनी लिहिलं: पहिलं अक्षर मोठं वाय किंवा लहान वाय, दुसरं मोठं ई किंवा लहान ई, तिसरं मोठं एस किंवा लहान एस. बस्स. कोणत्याही बाहेरच्या कार्यक्रमाची गरज नाही, कोणत्या भाषेचा नियम नाही. समोरच्याने जसं लिहिलंय तसं राहू दे, मी ओळखून घेतो. लिहायला जरा कंटाळवाणं, पण सगळीकडे चालतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यात मालवण कुठे आलं?

येतंय. ज्यांनी 1990 च्या दशकात किंवा 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संगणकावर मराठी लिहिलंय त्यांना आठवत असेल, देवनागरी टाइप करणं म्हणजे दिव्य होतं. फॉण्ट एका यंत्रावरचा दुसऱ्यावर चालत नसे. मग परदेशातल्या मराठी मंडळींनी रोमन लिपीत मराठी लिहायला सुरुवात केली. अविनाश चोपडे यांचं 'आयट्रान्स' आलं, 1996 मध्ये 'मायबोली' सुरू झाली, पुढे 'बरहा' आलं. या सगळ्यांच्या मुळाशी एक झकास युक्ती होती. इंग्रजीत 'त' आणि 'ट' ला एकच 'टी', 'द' आणि 'ड' ला एकच 'डी', 'न' आणि 'ण' ला एकच 'एन', 'ल' आणि 'ळ' ला एकच 'एल'. आपल्याला हवीत दुप्पट अक्षरं. पण इंग्रजी कळफलकावर प्रत्येक अक्षराची एक मोठी आवृत्ती फुकट पडलेली आहेच की! म्हणून लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. शिवाय मोठा आय म्हणजे दीर्घ ई, मोठा यू म्हणजे दीर्घ ऊ.

आता मघाचं वाक्य आठवा. कपडे बदलले, माणूस तोच. इथे ते साफ खोटं ठरतं. इथे मोठं अक्षर हा कपडा नाही, तो माणूसच वेगळा आहे.

अशा मजकुरावरून ती निरुपद्रवी ओळ फिरवून पाहा. मालवणचं मालवन होतं. देवगडचं देवगद. कणकवलीची कनकवलि. कुडाळचं होतं कुदाल, म्हणजे हिंदीतली कुदळच! सावंतवाडीची होते सावंतवादि. आपल्या कोकणात वाड्यांना काय तोटा, भंडारवाडी, गाबीतवाडी, ब्राह्मणवाडी, सगळ्या रातोरात वादी होऊन कोर्टात उभ्या. (तशाही असतातच म्हणा.) शाळेची शाला, होडीची होदि, आणि आपले पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री होतात बालशास्त्रि. मराठी वृत्तपत्राच्या जनकाला एका ओळीत अर्भक करून टाकलं!

1986 मध्ये बेल लॅबच्या डग मॅकिलरॉय यांनी दाखवलेली एक कृती संगणकवाल्यांत फार प्रसिद्ध आहे. कोणत्याही मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द कोणते, हे त्यांनी अवघ्या सहा ओळींत काढून दाखवलं. मजकुराचे शब्द सुटे कर, सगळे स्मॉल कर, क्रमाने लाव, सारखे मोज, मोजणीप्रमाणे उलट लाव, वरचे हवे तेवढे दे. अतिशय देखणी कृती, मी आजही ती पाहून खूश होतो. पण रोमन मराठीवर ती चालवली की 'वेळ' आणि 'वेल' एक, 'काळ' आणि 'काल' एक, 'सण' आणि 'सन' एक, 'माळ' आणि 'माल' एक, 'पड' आणि 'पद' एक. यंत्र बिनचूक मोजतं, फक्त भलत्याच भाषेतले शब्द मोजतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमची आत्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर मालवणी शब्दांची यादी करत होती. 2003 चा सुमार. घरात एक जुनं, दुसऱ्याकडून आलेलं लिनक्सचं यंत्र होतं आणि त्यावर देवनागरी धड उमटत नव्हती. माझ्या अमेरिकेतल्या आत्तेभावाने तिला रोमन पद्धतीचा तक्ता पाठवला. ती तो तक्ता कळफलकाशेजारी चिकटवून एका बोटाने टाइप करायची. चूल, मांगर, माड, कुणगो, बांगडो, पेडवे, तिरफळ, आठळी, चेडू. शब्द, पुढे टिंबं, पुढे अर्थ. 'ळ' आला की शिफ्ट दाबताना डोकं नकळत थोडं खाली जायचं तिचं, शुद्धलेखन घालताना जायचं तसं.

यंत्र बसवून देणाऱ्याने लॉगिनच्या स्टार्टअप फाइलमध्ये एक सोय करून ठेवली होती. लॉगिन झालं की यादी वाचायची, सगळं स्मॉल करायचं, क्रमाने लावायची, दुबार ओळी काढायच्या, आणि परत त्याच फाइलमध्ये ठेवायची. हेतू चांगलाच होता. आत्याच्या हातून कधी कॅप्सलॉक राहून जायचा आणि तोच शब्द दोनदा दिसायचा, म्हणून. इंग्रजी यादी असती तर फार नीटनेटकी राहिली असती.

त्या आठवड्यात वीज रोजच जायची, पण त्या दिवशी मात्र यंत्र बंद केलं होतं तिने स्वतःच. दुसऱ्या दिवशी उघडलं तर यादी छान लावलेली. तिने वरून खाली बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. आणि मला फोनवर विचारलं, "अरे, माझे ळ खंय गेले?"

मी सुट्टीत गेलो तेव्हा ती फाइल उघडून दाखवली तिला. बांगडो होता तिथे बांगदो. तिरफळाचं तिरफल. आठळीची आथलि. आत्तेभावाला तिने आधी मेलने पाठवलेला भाग त्याच्याकडे जसाच्या तसा सापडला, तो परत मिळाला. बाकीचे बरेच शब्द तिने परत दुरुस्त केले, कारण ते तिला पाठ होते. उरलेल्यांसमोर "मागीर बघूया" म्हणाली. ते मागीर आलं नाही. आत्या 2006 मध्ये गेली.

तिच्या यादीत आजही एक शब्द आहे, लहान 'डी' ने सुरू होणारा आणि लहान 'एल' ने संपणारा. अर्थासमोर 'खाडीकाठचं एक झुडूप' एवढंच. पहिलं अक्षर द की ड? शेवटचं ल की ळ? चार शक्यता. गावात दोघातिघांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं, आणि एकाने तर चौथं भलतंच. असे बावीस शब्द आहेत. यंत्राच्या दृष्टीने त्या ओळींत काहीच गेलेलं नाही. अक्षरसंख्या तेवढीच, ओळी तेवढ्याच. प्रत्येक अक्षरामागे फक्त एक बिट गेलाय, 32 चा.

यावर मी बराच काळ चिडलेला होतो, पण मग इतिहास वाचताना लक्षात आलं की हे काम संगणकाच्या किती तरी आधीपासून चालू आहे. 1870 च्या दशकात इंग्रज सरकारने गावांची नावं इंग्रजीत लिहायला हंटरसाहेबांची पद्धत स्वीकारली. तीत द आणि ड दोघांनाही एकच डी, ल आणि ळ दोघांनाही एकच एल. नकाशे, गॅझेटियर, टपाल, मग रेल्वे. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण तिच्या पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं त्याच वळणाची. परगावचा प्रवासी इंग्रजी पाटी वाचून बिनदिक्कत 'कुदाल आलं का?' असं विचारतो. त्याचा काय दोष? त्याच्यापुढे ठेवलेल्या नावातला ड आणि ळ शंभरावर वर्षांपूर्वीच काढून घेतलेला आहे. तरी बरं, त्याच पाटीवर देवनागरी आहे म्हणून मूळ कुठेतरी शाबूत आहे.

आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की अगदी उलटं उदाहरण. गोव्यात 1556 मध्ये छापखाना आला, 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. रोमन लिपीत आपली भाषा लिहिण्याचा त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जुना सराव. आजच्या रोमी कोंकणीत 'ण' कसा लिहितात? दोन एन शेजारी शेजारी. 'ड' ला दोन डी. 'कोंकणी' हा शब्दच बघा, त्यातल्या 'ण' ला दोन एन असतात. ही लेखनपद्धत कॅपिटलमध्ये लिहा, स्मॉलमध्ये लिहा, तारेने पाठवा, पाटीवर रंगवा, टीआरमधून दहा वेळा काढा, ण तो ण राहतो. 1991 मध्ये हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरी छापण्यासाठी जी रोमन पद्धत केली, तीतही ट, ड, ण यांच्यासाठी मोठं अक्षर न वापरता अक्षराआधी टिंब दिलंय. ही अक्षरं तरी या ओळीतून सुखरूप बाहेर पडतात.

आयट्रान्स पद्धत वाईट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोन अक्षरांऐवजी एकच दाबायचं, वाचायलाही सोपं, आणि तिच्यामुळे तर आपल्यातले निम्मेअधिक जण मराठी लिहायला लागले. पण तिने अर्थ अशा जागी ठेवला की जी जागा बाकी सगळं जग रिकामी समजतं. इंग्रजी घरात वळचणीची जागा म्हणून कोणी झाडून काढते, आणि आपण नेमकी तिथे देवाची पेटी ठेवलेली.

आता काळ बदललाय. 1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला हक्काचे क्रमांक मिळाले. 1992 मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 ही मांडणी केली, तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि त्यातला एकही बाइट आस्कीच्या ए ते झेडमध्ये येत नाही. त्यामुळे तीच जुनी ओळ आज देवनागरी मजकुरावर चालवा, काहीही होत नाही. जसं आत गेलं तसं बाहेर. मी मुद्दाम करून पाहिलं, आत्याच्या यादीतले दुरुस्त केलेले शब्द देवनागरीत घालून. तिरफळ आत, तिरफळ बाहेर. हे 'काहीही न होणं' मला फार बरं वाटलं. 1986 च्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आजही आहे, पण तिथे ती क चा ख करते, ल चा ळ करते. त्याच कळीला आपल्या लिपीने आपलं काम दिलंय, आणि एकदा ळ उमटला की तो ळ म्हणूनच साठवला जातो, मोठा ल म्हणून नाही.

तेव्हा स्क्रिप्टवाल्या मित्रांना एक सांगणं. केस बदलायचीच असेल तर वर्गाचं नाव घ्या, नियम 'सी' ठेवा, आणि मूळ फाइलवर परत लिहू नका. पण त्याआधी बीएसडीवाल्यांसारखं स्वतःला विचारा, बदलायची खरंच गरज आहे का, की ओळखून घेतलं तरी भागेल?

आणि नातेवाईक मंडळींना दुसरं. तुमच्याकडे त्या काळातल्या रोमन मराठी मेल असतील. लग्नाच्या याद्या, गणपतीच्या आरत्या, आजीच्या पाककृती, वंशावळीचे कागद. मध्येच उगवलेली ती मोठी अक्षरं आता वेडीवाकडी दिसतात, नीट करावीशी वाटतात. कृपा करून करू नका. जशी आहेत तशी एक प्रत ठेवा, मग हवं तर देवनागरीत उतरवा. आत्तेभावाने ती जुनी मेल पुसली नव्हती म्हणून निम्मी यादी तरी आहे.

बावीस शब्दांची यादी मी चारही शक्यतांसह देवनागरीत करून ठेवली आहे. देवबाग, तारकर्ली, आचरा, कोळंब या बाजूला ज्यांची वडीलधारी माणसं आहेत त्यांनी मला लिहावं, मी पाठवतो. वाचून दाखवा त्यांना. यंत्राला विचारून उपयोग नाही, पण ऐंशीच्या घरातली एखादी आजी ऐकल्याबरोबर सांगेल, ड की द.